टाक्यांवरचा हात

"पदर बाजूला कर. निऱ्या जरा सैल कर. बघू देत सगळ्यांना, म्हणजे गैरसमज तरी जाईल."

वयनी असं बोलल्या तेव्हा त्यांच्या हातात नारळ होता. माझ्या पदरातून काढून घेतलेला.

चैत्रातलं हळदीकुंकू होतं. भिवंडीत, हेडमास्तरांच्या घरी. वयनी म्हंजे हेडमास्तरांची बायको. नात्यातल्या न्हाय. मी त्यांची धुणीभांडी करायचे नि आम्ही कामवाल्या सगळ्याच त्यांना वयनी म्हणायचो.

झालं असं. बँकेत बदली होऊन आलेल्या एका साहेबांची बायको पहिल्यांदाच त्या घरी आली होती. मी पन्ह्याचे उष्टे पेले गोळा करत होते. तिनं माझं पोट बघितलं नि कळवळली. "अहो, हिला कशाला वाकायला लावता? दिवस भरत आलेत हिचे." मला जवळ बोलावलं. स्वतःच्या ओटीतला नारळ काढला, भिजवलेले हरभरे काढले. "पदर धर," म्हणाली. "पोटुशीला रिकामं पाठवू नये."

मी धरला. का धरला? त्या घरात दर चैत्रात हरभरे मीच भिजवायचे, कैरीची डाळ मीच वाटायचे. पण पदर धर म्हणून मला कधी कुणी म्हणालं न्हाय. सगळ्या गेल्या की पातेल्याला लागलेली डाळ मिळायची, तीही खरडून. त्या दिवशी एक बाई पदर धर म्हणाली नि माझे हात आपोआप पुढं झाले. नारळ पदरात पडला. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं.

वयनींना हसू आवरेना. "अहो, कसले दिवस नि कसलं काय! ते कातडं लोंबतंय तिचं. गोळा काढलाय, पिशवीसकट. आता कुठली मुलं व्हायला!" मग माझ्याकडं वळल्या. "आणि तू गं? खुशाल पदर पसरलास? दे तो नारळ."

ओटीतला नारळ परत घेत न्हाईत. आमच्यात घेत न्हाईत, त्यांच्यातही घेत न्हाईत. बँकेतल्या साहेबांची बायको बिचारी म्हणत होती, राहू दे हो, राहू दे. वयनींनी नारळ उचलला. हरभरे तेवढे राहिले पदरात. नि मग म्हणाल्या, पदर बाजूला कर.

मी केला. निऱ्याही सैल केल्या. हरभरे खाली सांडले.

सगळ्यांनी बघितलं. एक "ई गं!" म्हणाली. एकीनं विचारलं, "वास येतो का गं?" एक जण हसली, दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं नि मग दोघी हसल्या. साहेबांची बायको तेवढी जमिनीकडं बघत होती. मी निऱ्या खोचल्या, सांडलेले हरभरे वेचले नि मोरीत जाऊन पेले घासले. लख्ख घासले. रडले न्हाय. रडायला जोर लागतो, तोही नव्हता.

आता ते पोट काय होतं ते सांगते. माझ्या पोटात गाठ वाढली होती. आधी सगळ्यांना वाटलं, दिवस गेलेत. नऊ महिने उलटले तरी पोर न्हाय. गावच्या भगतानं अंगारा लावला, म्हणाला बाहेरचं हाय. तोवर पोट फुगतच गेलं. शेवटी मुंबईच्या सरकारी दवाखान्यात नेलं नि गोळा काढला. जीव वाचला. पण ताणलेलं कातडं काय आत जातंय? ते राहिलं लोंबत, रिकाम्या पोत्यासारखं, पार मांडीपर्यंत.

लोकांना वाटतं, लोंबतं तर लोंबू दे, त्यात काय. त्यांना काय ठाऊक! घडीखाली घाम साचायचा. कातडी सोलायची, पाणी सुटायचं. माझा नवरा लूमवर, म्हंजे यंत्रमागावर कामाला, तो सुती चिंध्या आणून द्यायचा. त्या मी धुऊन, वाळवून घडीत घालायचे. उन्हाळ्यात दुपारपर्यंत भिजून जायच्या. वास यायचा, हो. यायचाच. मला ठाऊक होतं म्हणून तर मी सगळ्यांपासून लांब उभी राहायचे. पाण्याचा हंडा कमरेवर घेतला की कातडं एका बाजूला ओढायचं नि पाठ मोडून यायची. नवऱ्यापुढं अंग उघडायला लाज वाटायची. तो काही बोलायचा न्हाय. पण न बोलणंही ऐकू येतंच.

हळदीकुंकवानंतर मी ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात गेले. फोड आले होते, मलम मागायला गेले होते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "चालताना त्रास होतो का?" इतकी वर्षं मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी नुसती मान हलवली. त्या म्हणाल्या, "मग हे कापून काढता येतं. काढूया."

वयनींना सांगितलं तर त्या कपाळावर आठ्या घालून म्हणाल्या, "गोळा काढला ते ठीक. पण कातडं कापून घ्यायचं? हे असले शौक सिनेमातल्या बायका करतात. तुला कुठं पडद्यावर जायचंय?" नि वर म्हणाल्या, "बघ बाई. तुझी जागा धरून ठेवते. पण लवकर ये."

ती जागा मला हवी होती. नवऱ्याचं काम लूम चालेल तसं. वीज गेली की लूम बंद, सूत आलं न्हाय की लूम बंद. माझं काम तेवढं बारमाही. नि ते घर मला माझ्या आयनंच दिलं होतं. कोन गावावरून रोज चालत येऊन तिनं त्या घरची भांडी घासली होती. तिची कंबर गेली तशी मी आले. जागा वारशानं मिळाल्यासारखी. काय पण वारसा!

ऑपरेशन झालं. जाग आली तेव्हा गुडघ्यांखाली उशी होती, पोटातून दोन नळ्या निघाल्या होत्या नि बाटलीत तांबडं पाणी ठिबकत होतं. एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत टाके. सरळ व्हायचं न्हाय, सिस्टर ओरडायची. खोकला आला की पोटावर उशी दाबून धरायची. शिंक आली तर देवच आठवायचा. नि सगळ्यात वाईट म्हंजे हसू. शेजारच्या खाटेवरची म्हातारी फार विनोदी होती. मी हात जोडून सांगायचे, आजी, गप बसा, माझे टाके जातील.

घरी आणलं ठाण्यावरून एस.टी.नं. प्रत्येक खड्ड्याला आई गं म्हणत आले. कुबडी म्हातारी चालते तशी वाकून चाळीत शिरले. बायका दारात आल्या. "क्या हुआ इसको?" "पेट का ऑपरेशन." एवढंच. कुणी जास्त विचारलं न्हाय. त्यांना त्यांची शिफ्ट होती.

आमच्या खोलीच्या भिंतीला लागूनच लूमचा कारखाना. भिंत थरथरायची, लादी थरथरायची. एरवी आम्हाला ते कळायचंही न्हाय. पण टाके घालून त्या लादीवर पडले तेव्हा प्रत्येक धडधड पोटात शिरायला लागली. नवऱ्यानं तागाची पोती आणली, आयनं त्यावर गोधड्या घातल्या. तरी यायचीच. शुक्रवारी लूम बंद असायचे. मी शुक्रवारची वाट बघायचे.

आय सेवेला येऊन राहिली होती. पेज करायची, पाठ चोळायची, मला धरून मोरीत न्यायची. तिची स्वतःची कंबर धड न्हाय, नि मला उचलायची. दोघी वाकलेल्या. आरशात दिसलो एकदा. हसू आलं नि मी पोट धरून "नको, नको" करत बसले.

पोटाला बधिरपणा आला होता. हात लावला तर हाताला कळायचं, पोटाला न्हाय. उभी राहिले की मागं तोल जायचा. इतकी वर्षं पुढचं ओझं सांभाळायला मागं रेलायची सवय ना. ओझं गेलं, सवय राहिली. पण घडी नव्हती. चिंधी नव्हती. वास नव्हता. आयला विचारलं, "आये, वास येतो का?" ती म्हणाली, "डेटॉलचा येतो." मी पडल्या पडल्या रडले. तेव्हा रडले.

नि एक दिवस वयनी आल्या.

त्या आमच्या चाळीत कधी पाऊल टाकणार न्हाईत असं वाटायचं. नाकाला रुमाल लावून आल्या. सोबत त्यांची नणंद, ठाण्याची. भरलेल्या अंगाची, सिल्कची साडी, धाप लागलेली. नवरा नाईट ड्युटी करून कोपऱ्यात झोपला होता. आयची धांदल उडाली. तिनं एकुलती एक खुर्ची पुसली, नणंदबाईंना दिली. वयनी उभ्याच राहिल्या.

"बरी आहेस ना? तुझी जागा धरून ठेवलीये हं. बदलीवाली भांडी नीट घासत नाही." मग नणंदेकडं हात केला. "आमच्या वन्संना पण पोटाचा त्रास आहे. त्यांच्या डॉक्टरांनी हेच ऑपरेशन सुचवलंय. त्या घाबरतायत. म्हटलं, आपल्याकडे ताजं उदाहरण आहे, डोळ्यांनी बघा. दाखव गं जरा."

म्हंजे आता तो शौक नव्हता. आता तो त्रास होता.

मी पदर पोटावर ओढून घेतला. त्यांना वाटलं, लाजतेय. आय पुढं सरकली. "दाखव ना बाय. आपलीच माणसं हायेत. पायी चालत आल्यात तुझ्यासाठी." नि तिनं माझ्या पोटावर हात ठेवला. साडीची गाठ सोडायला. माझ्या आयचा हात. भांडी घासून घासून बोटं वाकडी झालेला. त्याच घरची भांडी.

वयनींचा हात असता तर मी कदाचित पडून राहिले असते. सवय होती. पण आयचा हात त्या बधिर पोटावर आला नि मला तो कळला. आयला कुणी सांगायचीही गरज पडली नव्हती. "दाखव" म्हटलं की उघडायचं. तिनं जन्मभर तेच केलं होतं नि आता माझंही तीच उघडत होती. मायेनं.

मी तिचा हात धरला. "आये, हात काढ."

"अगं..."

"हात काढ म्हणते ना!"

कोपरावर जोर देऊन उठून बसले. टाके ताणले, डोळ्यांपुढं अंधारी आली. म्हणाले, "वयनी, बघायचं असेल तर दवाखान्यात जावा. डॉक्टरीणबाई समजावून सांगतील. वन्संना काही विचारायचं असेल तर बसा, विचारा. दुखतं किती, झोप लागते का, सगळं सांगते. दाखवायची न्हाय."

वयनींना खरंच कळलं न्हाय. "एवढं काय त्यात? बायका बायकाच तर आहोत. आणि तेव्हा तर दाखवलं होतंस की, सगळ्यांसमोर."

"तेव्हा दाखवलं," मी म्हणाले. "म्हणूनच आता न्हाय."

नणंदबाई उठल्या. त्यांचं तोंड उतरलं होतं. मला वाटतं, त्यांना खरोखर विचारायचं होतं. भ्यालेलं माणूस मी ओळखते. पण वयनींनी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. दारातून मागं न बघता म्हणाल्या, "बदलीवालीच ठेवते मग. तू आराम कर."

आय कपाळ बडवून घेत होती. "तोंडचा घास घालवलास! कोण ठेवील तुला अशी वाकडी? काय झालं असतं जरा दाखवलं असतं तर?" मी टाक्यांवर उशी दाबली नि पडून राहिले. कोपऱ्यातून नवरा बोलला. तो जागाच होता.

"काम गेलं?"

"गेलं."

"बरं." मग कूस बदलून म्हणाला, "झोप आता. अंग हलवू नको."

जखमेचं एक टोक उसवलं. पुन्हा पट्टी, पुन्हा दवाखाना. दवाखान्यात मोठे डॉक्टर शिकाऊ पोरापोरींचा घोळका घेऊन आले, चादर ओढणार तेवढ्यात मी ती धरून ठेवली. "आधी विचारा," म्हणाले. ते जरा थबकले, मग विचारलं. मी म्हणाले, तुम्ही बघा नि डॉक्टरीणबाई बघू देत, बाकीचे बाहेर. तोंड वाकडं केलं, पण गेली पोरं बाहेर. विचारलं म्हणून कुणी मरत न्हाय, नि न्हाय म्हटलं तरी कुणी मरत न्हाय, हे मला तिथं कळलं.

पुढं जखम सुकल्यावर मी कांडी भरायच्या कामाला लागले. दिवसभर मशीनपुढं बसून कांड्यांवर सूत गुंडाळायचं. मुकादम शिव्या देतो, मी उलटून देते. सुताची धूळ नाकातोंडात जाते. सुख लागलं असं न्हाय. संध्याकाळी टाक्यांची रेघ ताणून येते, पावसाळ्यात ठणकते. थकते मी. आयनं वर्षभर अबोला धरला.

वयनींची बदलीवाली पळाली. मग दुसरी पळाली. मग निरोप आला. झालं गेलं विसर, ये. पोरगी निरोप घेऊन दारात उभी. आय माझ्या तोंडाकडं बघत होती.

मी त्या पोरीला सांगितलं, जाऊन सांग, येणार न्हाय. नि आमच्या चाळीतून जी जी कुणी त्या घरी कामाला जाईल तिला मी आधी बसवून सांगणार हाय. भांडी घास. लादी पूस. बोलणी बसली तर तुझी तू ठरव. पण अंग उघड म्हणाल्या तर हात धुवायलाही थांबू नको, तशीच बाहेर पड. नि तुझी आय ढकलायला लागली तर तिचाही हात धर.