मब्रूकाचा टाकाऊ कागद

ट्युनिशियाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ऐन सल्मा गावात मब्रूकाला सगळे 'हवावाली' म्हणत. खजुरीच्या बागांपाशी प्रयोगशाळेची पेटी उभी होती. पंप हवा ओढायचा. पहिल्या कागदावर धूळ अडकायची, मागच्या औषध लावलेल्या कागदावर समुद्राकाठच्या कारखान्याचा गंधकाचा वायू. अठरा वर्षं ती हे कागद बदलून तपासत होती. धुळीचा कागद मात्र नुसता तोलून फेकायचा, असा शिरस्ता होता.

त्या वसंतात वाळवंटाचा वारा सकाळभर धूळ उडवायचा आणि दुपारी समुद्राचा वारा त्याच धुळीतून कारखान्याचा धूर गावात आणायचा. नणंद तुरकियाच्या डाळिंबांची कोवळी पानं करपली. पेटीतल्या वायूचा आकडा मात्र सांगत होता, हवा स्वच्छ आहे.

"वहिनी, तुझ्या पेटीला सर्दी झालीय का गं? इथे माझ्या शेळ्यासुद्धा खोकतायत," तुरकिया म्हणाली.

मब्रूकाला ते लागलं, कारण घसा तिचाही जळत होता. दुसऱ्या दिवशी धुळीचा कागद फेकताना तिचा हात थांबला. चुन्यासारखी पांढुरकी धूळ. तिची आई आंबट काही सांडलं की चुनखडीची माती टाकायची, आणि ती माती आंबटपणा पिऊन टाकायची. हा वायूही आंबटच की. तिने कागद धुऊन पाणी तपासलं. गंधक भरपूर निघालं.

प्रयोगशाळेचे इंजिनिअर लुत्फी साहेबांनी नकारार्थी मान हलवली. "आपल्या वाळवंटात जिप्सम आहे, मब्रूका. म्हणजे गंधक मुळात धुळीतच. तू वायू नाही, वाळवंट मोजलंस."

म्हणणं खरं होतं. म्हणून शनिवारी ती जादा पंप घेऊन नवऱ्याच्या, हेदीच्या गाडीतून आत वाळवंटात गेली, कारखान्याचा धूर पोचत नाही तिथे.

"लोक बायकोला समुद्रावर नेतात," हेदी म्हणाला.

"लोकांच्या बायका कंटाळवाण्या असतात. ऑलिव्हं इकडे द्या."

रोटी हरीसाच्या तिखट चटणीत बुडवून खात दोघं दिवसभर पंपाची घरघर ऐकत बसले. असे तीन शनिवार गेले.

तेवढ्याच वजनाच्या त्या धुळीत गंधक गावातल्या धुळीच्या जेमतेम एक तृतीयांश निघालं. म्हणजे गावातल्या धुळीतलं उरलेलं सगळं वायूचं होतं. मागच्या कागदापर्यंत पोचण्याआधीच धुळीने ते पिऊन टाकलं होतं.

लुत्फी साहेबांनी हिशोब स्वतः दोनदा करून पाहिला आणि चष्मा काढून हसायला लागले. "अठरा वर्षं आपण पुरावा कचऱ्यात टाकत होतो. दोघंही गाढवं."

"तुम्ही पुढे चला, साहेब. मी मागून येते."

त्या आठवड्यापासून दोन्ही कागद धुतले जाऊ लागले, वाळवंटाचा वाटा वजा होऊ लागला, आणि धुळीच्या दिवसांच्या जुन्या आकड्यांपुढे 'संशयास्पद' असा शेरा पडला. नव्या आकड्यांच्या जोरावर बागवाल्यांचा कारखान्याविरुद्धचा अर्ज पहिल्यांदाच दाखल करून घेतला गेला.

तुरकिया गरम मलावी रोट्या घेऊन थेट प्रयोगशाळेत आली. "दाखव बघू तो आकडा."

मब्रूकाने वही पुढे सरकवली. आकडा फार वाईट होता, पण अखेर खरा होता. दोघी एकमेकींकडे बघून पोट धरून हसल्या.