उत्तमच्या तोंडचा टेल्युरियम

डोंबिवलीचा उत्तम घाणेकर वागळे इस्टेटमधल्या एका प्रयोगशाळेत वितळलेल्या धातूला चुंबक दाखवायचा पगार घेतो. हे त्याची आई गोदाकाकूच सांगत असते, आणि यात तिखटमीठ काही नाही. टेल्युरियम आणि सेलेनियम हे दोन सेमीकंडक्टर काचेच्या कुपीत एकत्र वितळवायचे, कुपी तराजूला टांगून भट्टीत सोडायची, बाहेरून चुंबक लावायचा आणि माल चुंबकापासून किती अंग चोरतो ते बघायचं. घट्ट असताना जास्त चोरतो, वितळला की कमी. लग्नाआधीपासून उत्तम हेच बघतोय.

यंदा कुपी तडकली आणि वाफ नाकातोंडात गेली. टेल्युरियमची खोड अशी, की चिमूटभर जरी अंगात शिरला तरी माणसाच्या श्वासाला कित्येक दिवस लसणाचा वास मारतो. आणि हे कधी, तर ऐन चातुर्मासात, गणपती तोंडावर आलेले! गोदाकाकूंच्या घरात आषाढीपासून लसूण बंद.

"कुठे खाल्लास रे?"

"खाल्ला नाही गं आई. टेल्युरियम आहे तो."

"चायनीजच्या गाडीवर घालतात तोच ना?"

बायकोकडे, नंदाकडे, त्याने आशेने पाहिलं. "माझ्याकडे बघून बोलू नका," ती म्हणाली.

त्याने लवंगा चघळल्या. मग लवंग घातलेल्या लसणीच्या चटणीसारखा वास यायला लागला. काकूंनी निकाल दिला, "यंदा मूर्ती कळव्याचा संदेश बसवील. एवढं मोठं नाक आहे बाप्पाचं, त्याचा तरी विचार कर!"

वडील गेल्यापासून मूर्ती उत्तमच बसवायचा. तो मान धाकट्या भावाला जाणार म्हटल्यावर त्याला घास उतरेना. शेवटी त्याने साक्षीला प्रयोगशाळेतल्या मोठ्या बाईंनाच घरी आणलं. दर्शना शहा, पक्क्या जैन. लसूण सोडा, जन्मात बटाटा खाल्लेला नाही.

"काकू, उत्तम खरं बोलतोय," बाईंनी तोंड उघडलं मात्र, काकूंनी पदर नाकाला लावला. कुपी तडकली तेव्हा बाईही भट्टीपाशीच होत्या.

"अच्छा!" नंदा म्हणाली. "म्हणजे दोघं मिळून खाता होय?"

उत्तम पांढराफटक पडला. पण जैन बाई लसूण खाते, हे काही काकूंच्या गळी उतरेना. "भट्टीचाच वास म्हणायचा हा," त्या पुटपुटल्या. "पण देवाला कसा चालेल?"

"आमच्यात पूजेला तोंडाला आठपदरी फडकं बांधतात," बाई दोन पावलं मागे सरून म्हणाल्या. "श्वास मूर्तीला लागू नये म्हणून."

चतुर्थीला मूर्ती उत्तमनेच बसवली, फडकं बांधून. आरती मनातल्या मनात म्हटली. तरी खबरदारी म्हणून काकूंनी टेबलफॅन बाप्पाच्या मागून उत्तमच्या तोंडावर सोडला होता. समई सारखी विझत होती. दर वेळी लावली मात्र उत्तमनेच. संदेश काडेपेटी घेऊन पुढे आला, तर काकूंनी त्याला डोळ्यांनीच खाली बसवला.