वाटी की बशी

लग्नात चष्मा घालायचा नाही, असा आत्याचा हुकूम होता. माझा नंबर उणे सहाच्या पुढचा. चष्मा काढला की समोरचा माणूस म्हणजे नुसता शर्टाचा रंग. पण आत्याला काळजी व्हिडिओची. "समद्या फोटूत काचाच चमकतेत. नवरी हाय का मास्तरीण?" मी खरोखरच मास्तरीण होते, पण आत्यापुढे ते कोण बोलणार!

माझं म्हणणं एकच होतं. अंतरपाट खाली येईल तेव्हा पलीकडे उभा असलेला माणूस मला नीट दिसला पाहिजे. ज्याच्यासोबत जन्म काढायचा त्याचं तोंड त्या घडीला अंदाजानं बघायची माझी तयारी नव्हती. चष्मा नको तर लेन्स, असं मी जाहीर केलं आणि सिरसाळ्याहून एसटीनं अंबाजोगाईला जाऊन मऊ लेन्सची जोडी घेऊन आले.

दुकानातल्या बाईंनी फार प्रेमानं शिकवलं. हात साबणानं धुवायचे, कोरडे करायचे, लेन्स बोटाच्या टोकावर ठेवून बाजूनं बघायची. "वाटीसारखी दिसली तर सुलट, बशीसारखी पसरली तर उलट." त्यांच्यासमोर मला जमलंही. पण मी इतकी घाबरलेली होते की बाकी सगळं दुकानातच विसरले आणि वाटी-बशी हे दोन शब्द तेवढे घेऊन घरी आले.

आता आमच्या घरच्या भांड्यांची गंमत सांगते. आमच्या स्टीलच्या वाट्या बसक्या, त्यांचा काठ बाहेर वळवलेला. बशा मात्र चांगल्या खोल, कारण आमच्याकडे चहा बशीतूनच प्यायचा आणि अख्खा कप तिच्यात मावला पाहिजे. त्यामुळे बोटावरच्या लेन्सचा काठ बाहेर वळलेला दिसला की मी खूश, ही झाली वाटी! काठ सरळ वर दिसला की म्हणायचे, ही बशी, आणि मोठ्या काळजीनं ती उलटवायचे. असा चार दिवस इमानेइतबारे सराव केला. डोळा खुपायचा, पापणी मिटली की लेन्स सरकायची, एकदा तर टपकन मांडीवर पडली. सुरुवातीला थोडं जाणवेल, असं बाई म्हणाल्या होत्या. मी दात-ओठ खात ते "थोडं" सहन करत राहिले.

लग्नाच्या दिवशी, मुहूर्ताला तासभर राहिला असताना, हिरव्या चुड्यातले हात सांभाळत मी दोन्ही डोळ्यांत लेन्स घातल्या. पाच मिनिटांत डोळे लाल, आणि पाण्याच्या धारा. आत्यानं ते पाहिलं आणि तिचा बांध फुटला.

"आगं माय, आत्ताच कावून रडायलीस गं?"

"मी रडत नाहीये, आत्या! मला बोचतंय!"

"बोचणारच की गं. मायबापाचं घर सोडायचं म्हंजी…" म्हणत तिनं मला कवटाळलं. खोलीतल्या चार बायका तिच्या मदतीला धावल्या आणि नवरीची पाठवणी मुहूर्ताच्या आधीच सुरू झाली. मला इतका राग आला की मी दोन्ही लेन्स काढून त्यांच्या डबीत टाकल्या. आत्या डोळे पुसत म्हणाली, "ऱ्हाऊ दे आता. नवरदेव काय पळून चाललाय? मागून व्हिडिओत बघ." आता मात्र मला खरंच रडू यायला लागलं.

तेवढ्यात अण्णा आत आले. माझे वडील शिंपी. बाजारात त्यांचं छोटं दुकान आहे. दोन्ही बाजूंनी सारखं दिसणारं कापडसुद्धा चिमटीत धरून ते त्याची सुलट बाजू सांगतात. माझं गाऱ्हाणं त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "दाव बरं." मी हात धुऊन एक लेन्स बोटावर घेतली. त्यांनी माझा हात खिडकीच्या उजेडाकडे वळवला आणि चष्मा नाकावर सरकवून बाजूनं बघितलं.

"हे उलटं हाय."

"उलटं कसं? वाटीसारखं हाय की, अण्णा!"

"आपल्या वाटीचं नगं सांगू. वाटीचा काठ बाहीर वळवलेला असतोय, धरायला. डोळ्यात काय धरायचंय तुला?"

मग अण्णा म्हणाले, "हलकं चिमटीत दाब. कापड आपून होऊन जिकडं वळतंय, ती त्याची आतली बाजू." मी दाबलं. कडा बाहेर बोटांवर वळल्या. उलटवून पुन्हा दाबलं, तर कडा मुकाट्यानं एकमेकींकडे वळल्या, करंजीच्या कडा मिटाव्या तशा. दुसरीही तशीच सुलट केली आणि दोन्ही लेन्स बाटलीतल्या लेन्सच्या पाण्यानं धुऊन मी डोळ्यांत घातल्या. बोचणं गायब! घाईनं दाराबाहेर पडणाऱ्या अण्णांच्या फेट्याला खोचलेली टाचणीसुद्धा मला दिसली. मी आनंदानं ओरडलेच. आत्यानं पदर खाली घेतला आणि जरा नाराजीनंच रडं आवरलं. लेन्स नीट बसल्या का, हे विचारायलाही अण्णा थांबले नव्हते. पाहुण्यांना बसवायचं होतं.

मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली आला. अक्षतांच्या पावसात मला माझा नवरा दिसला, अगदी स्वच्छ. भुवईत एक अक्षत अडकलेली, मिशी एका बाजूला जराशी जास्त कापलेली, आणि घाबरलेला तर माझ्याहून जास्त. मला तो फार आवडला. आणि त्याच्या खांद्यावरून, पार मांडवाच्या दाराशी, टाचा उंच करून उभे असलेले अण्णा दिसले. त्यांनी एक हात वर केला, तळवा एकदा पालथा केला, एकदा उताणा, आणि भुवया उडवल्या. उलट की सुलट?

इतक्या लांबून त्यांच्या भुवया मला दिसत होत्या, यातच सगळं उत्तर होतं. मुंडावळ्या गालांवर आपटेपर्यंत मी मान हलवली. नवरदेवाला वाटलं, ती मान त्याच्यासाठीच. तोही लाजत दोनदा मान हलवून मोकळा झाला. "हिनं भर मांडवात मला होकार दिला," असं तो अजूनही पाहुण्यारावळ्यांना कौतुकानं सांगतो, आणि मी आजवर एकदाही त्याला अडवलेलं नाही.