पाठीतून उतरणारं वारं

गयाबाईंचा पाय आपोआप हलताना मी पाहिला आणि पडदा सरकवून बाहेर निघून गेलो. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. नगरमधल्या एका हाडांच्या दवाखान्यात मी फिजिओथेरपिस्ट होतो. हा शब्द तेव्हा पेशंटला उच्चारता यायचा नाही. कुणी ‘शेकवाले डॉक्टर’ म्हणायचं, कुणी नुसतंच ‘मालिशवाले’. दवाखान्याच्या मागच्या खोलीत माझा विभाग होता. दोन कॉट, शेकायचं मशीन, आणि कोपऱ्यात हिरव्या पडद्याआड ट्रॅक्शनची खुर्ची.

ट्रॅक्शन म्हणजे ताण. पेशंटला खुर्चीत बसवायचं. हनुवटीखालून आणि डोक्यामागून कातडी पट्टा घ्यायचा, त्याला दोरी बांधायची, दोरी वरच्या कप्पीवरून घेऊन पलीकडे वजनं सोडायची. मान हळूहळू वर ओढली जाते. मणक्यांमधली जागा थोडी मोकळी होते, दबलेल्या नसेला आराम पडतो. पाहणाऱ्याला मात्र ते फाशीसारखं दिसतं. पट्ट्यामुळे जबडा मिटलेला राहतो, म्हणून पेशंट बोलला तर आवाज दातांतून येतो. ओळखीच्या माणसाचाही आवाज ओळखू येत नाही.

गयाबाई पाथर्डीच्या रस्त्यावरच्या एका गावातून यायच्या. पन्नाशी उलटलेली. सोबत सून असायची, सुमन. ती सासूला आत्या म्हणायची. मान दुखायला लागून बरीच वर्षं झाली होती. एक्स-रेमध्ये मणक्यांच्या कडा झिजून खडबडीत झालेल्या दिसत होत्या. मानेच्या सांध्यांचा हा संधिवातच, स्पाँडिलायटिस. तो मुळापासून जात नाही. त्याला सांभाळून राहावं लागतं.

“काम काय करता, मावशी?” मी पहिल्या दिवशी विचारलं.

“वावरात जाती. आन् मंगळवारी, शुक्करवारी बसती.”

“बसता म्हणजे?”

सुमनने खालच्या आवाजात सांगितलं, “आत्यांच्या अंगात येतं. देवीचं वारं हाय.”

म्हणजे घुमणं. केस मोकळे सोडून मान गरागरा फिरवायची, तासभर. लोक प्रश्न विचारणार, त्या सांगणार. झिजलेल्या मानेसाठी याहून वाईट काही मला सुचवता आलं नसतं.

आमच्या मोठ्या डॉक्टरांना आम्ही सर म्हणायचो. सरांनी ट्रॅक्शन लिहून दिलं, गळ्याला कॉलर दिला आणि घुमणं बंद करायला सांगितलं. कॉलर बांधताना गयाबाईंनी आरशात पाहिलं.

“बैलाला जू घातल्यावानी दिसतंय. डाक्तर, देवीला चालंल का हे?”

“देवीची मान दुखत नाही. तुमची दुखते.”

“दोघींची एकच मान हाय की,” त्या म्हणाल्या, आणि हसल्या.

त्या चांगल्या पेशंट होत्या. सांगितलेलं करायच्या. जाड उशी काढून टाकली. डोक्यावर पाण्याचा हंडा घेणं सोडलं. तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी करून सकाळ-संध्याकाळ शेकायच्या. कपाळाला तळहात लावून डोक्यानं हात ढकलायचा, हातानं डोकं अडवायचं, हा व्यायाम त्या एसटीतही करायच्या. शेजारची बाई घाबरून दुसऱ्या सीटवर गेली, हे त्यांनी मला मोठ्या चवीनं सांगितलं.

एकदा मी विचारलं, “दुखणं कसं आहे?”

“सवत हाय ती. हाकलली तरी जायची न्हाई. घरात ऱ्हाऊ दे म्हनलं, पर उशी न्हाई द्यायची.”

इतकं नेमकं मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. पुढे कितीतरी पेशंटांना मी हे वाक्य माझंच असल्यासारखं सांगितलं.

मग एक दिवस पट्टा बांधत असताना त्या म्हणाल्या, “डाक्तर, मान खाली घातली की पाठीतून वारं उतरतं. सण्णदिशी. पार टाचंपर्यंत.”

इथे मला थोडं माझ्या घराबद्दल सांगावं लागेल. आम्ही बौद्ध. छप्पन साली आजोबांनी दीक्षा घेतली आणि घरातले देव विहिरीत सोडले. त्यांच्या बहिणीच्या अंगात यायचं. त्या दिवसानंतर ती कधी घुमली नाही. पण बाहेर कुठे संबळ वाजायला लागला की ती दोन्ही हातांनी जातं धरून बसायची, असं वडील सांगायचे. आमच्या घरात ‘वारं’ हा शब्दच उच्चारत नसत. बाहेर वारं सुटलं म्हणायचं झालं तरी आम्ही ‘हवा’ म्हणायचो. मी शिकलो, नगरला आलो, पांढरा कोट घातला. तो शब्द मागे राहिला याचा मला अभिमान होता.

आमच्याकडे या शब्दाचे दोन अर्थ होतात. अंगात वारं येणं म्हणजे देव संचारणं. अंगावरून वारं जाणं म्हणजे लकवा. गयाबाई तिसरंच काही सांगत होत्या. मानेच्या मणक्यांच्या मधून मज्जारज्जू जातो. मेंदूकडून हातापायांकडे जाणारी ती मुख्य केबल. झिजलेल्या हाडाने ती केबलच दाबायला सुरुवात केली, तर मान वाकवल्यावर पाठीतून विजेसारखी लहर खाली जाते. पुस्तकात त्याला ‘विजेचा झटका’ म्हटलेलं होतं. गयाबाईंच्या आयुष्यात विजेचा झटका म्हणजे मोटरच्या स्टार्टरचा. ही त्याहून मऊ, गार गोष्ट होती. त्यांनी त्यांच्याकडचा सगळ्यात नेमका शब्द वापरला.

मी म्हणालो, “मावशी, वारं बाहेर चपलांपाशी ठेवून यायचं. इथे फक्त मान आणायची.”

सुमन हसली. गयाबाई हसल्या नाहीत.

“ह्ये तसलं न्हाई,” त्या म्हणाल्या. “त्ये येतं तवा मला कळत नसतंय. ह्ये कळतंय.”

मी दोरी ओढली आणि वजनं सोडली. पट्टा ताणला गेला आणि त्यांचं बोलणं थांबलं.

त्याच सुमारास गयाबाई हाताबद्दलही काही बोलल्या होत्या. कुंकू चिमटीत घेतलं तर हातात आहे की नाही ते कळत नाही; कपाळाला बोट टेकवलं आणि आरशात पाहिलं तर कपाळ कोरंच. “ह्यो हात माजा न्हाई राह्यला. कुनीतरी आपला आनून लावलाय.” हे सांगताना त्यांनी आपला उजवा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवला, दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा. मला ते पाहवलं नाही. मी मशीनचं बटण तपासत बसलो.

आता पाय हलला त्या दुपारचं सांगतो.

लोडशेडिंग होतं. पंखा बंद, शेकायचं मशीन बंद. ट्रॅक्शनला वीज लागत नाही, म्हणून गयाबाईंना खुर्चीत बसवलेलं होतं. सुमन बाहेरच्या बाकावर डुलक्या घेत होती. मी टेबलाशी बसलो होतो. इतकी शांतता होती की कप्पीची करकर ऐकू येत होती.

मग पडद्याआडून आवाज यायला लागला. टक, टक, टक, टक. लाकडावर काहीतरी आपटत होतं. अगदी एका लयीत. लहानपणी गावात लांबून ऐकलेला संबळ मला आठवला, आणि आठवला याचीच भीती वाटली.

मी पडदा सरकवला. गयाबाई भिंतीकडे तोंड करून ताठ बसलेल्या. डोकं पट्ट्यात वर ओढलेलं. हात मांडीवर निपचित. सगळं शरीर स्थिर, आणि उजवा पाय नाचत होता. चवडा पायाखालच्या स्टुलाच्या दांडीवर टेकलेला, टाच वर-खाली. त्या हादऱ्यानं दोरी थरथरत होती आणि पलीकडची वजनं हळूहळू हेलकावत होती.

सुमन जागी होऊन माझ्या मागे आली. तिने पाहिलं आणि हात जोडले.

“आई आली,” ती पुटपुटली.

मी तिच्याकडे वळून तसं काही नाही म्हणायला हवं होतं. मी त्या पायाकडेच बघत राहिलो. एक क्षण, फार तर दोन, मला खरोखर वाटलं की या खोलीत आणखी कुणीतरी आहे. आजोबांनी विहिरीत सोडलेलं ते मला शोधत इथवर आलं आहे.

मग गयाबाईंचा आवाज आला. मिटलेल्या दातांतून, जड, बाईचा न वाटणारा.

“कोन हलवतंय?”

वर कप्पी करकरली.

“माजा पाय कोन हलवतंय?”

त्या घाबरल्या होत्या. ज्यांच्या अंगात देवी येते असं गाव मानत होतं, त्यांना पक्कं ठाऊक होतं की ही देवी नव्हे. तिथे हजर असलेल्या तिघांत फक्त त्यांनी बरोबर प्रश्न विचारला होता.

मी वाकलो. त्यांचा पाय उचलून फरशीवर सपाट ठेवला. थांबला. पुन्हा चवडा दांडीवर टेकवला. सुरू झाला. पुन्हा खाली ठेवला. थांबला. याला क्लोनस म्हणतात. चवडा दाबला गेला की पोटरीचा स्नायू आपोआप आखडतो, सुटतो, आखडतो. मज्जारज्जूवर दाब आल्याची ही ठळक खूण. परीक्षेत मला यावर प्रश्न होता आणि मी तो पूर्ण लिहिला होता.

म्हणजे मला कळलं होतं. ते मला त्याच जागी, वाकलेल्या अवस्थेत कळलं होतं.

मी वजनं उतरवली, पट्टा सोडला आणि पडद्याबाहेर निघून गेलो. सर पॅसेजमधून चालले होते.

“साळवे, मानेची बाई कशी आहे?”

“ठीक आहे, सर.”

“दुखणं कमी?”

“हो, सर.”

हे खोटं नव्हतं. दुखणं कमीच होतं. मला सांगायचं होतं ते दुखण्याबद्दल नव्हतंच. पायाचं सांगायचं तर आधीच्या वाऱ्याचंही सांगावं लागलं असतं, आणि मी ते चपलांपाशी ठेवायला लावलं होतं हेही. शिवाय मी घाबरलो होतो. पांढऱ्या कोटातला, सगळं मागे टाकून आलेला मी, एका पायाला घाबरलो होतो. उद्या नीट तपासू आणि मग सांगू, असं मी स्वतःला म्हणालो.

उद्या त्या आल्या नाहीत. नवरात्र लागलं होतं.

पुढचं मला सुमनकडून कळलं. आमचं ऐकून गयाबाई त्या नवरात्रात घुमल्या नाहीत. कॉलर घालून देवळात बसून राहिल्या. लोक लांबून आलेले, वाट पाहत होते. संबळ वाजत होता. अष्टमीला त्या दर्शनाला उठल्या, पायरीवर पाऊल ठेवलं आणि पाय खालून कुणी काढून घेतल्यासारख्या बसल्या. परत उभ्या राहिल्या नाहीत. देवळातले सगळे एकच बोलले. घुमायचं सोडलं म्हणून ती कोपली.

जीपमध्ये झोपवून त्यांना दवाखान्यात आणलं. सरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, तळव्यावर किल्ली ओढली. सरांचा चेहरा उतरला. पुण्याला पाठवायचं ठरलं, ताबडतोब. चिठ्ठी लिहिता लिहिता त्यांनी मला विचारलं, “साळवे, बाई आधी काही बोलली होती का? मुंग्या, झटका, हात सुन्न?”

सुमन शेजारी उभी होती.

“नाही, सर.”

सुमन काही बोलली नाही. तिने सगळं ऐकलेलं, पाहिलेलं होतं. पण तिच्या हिशेबी ते दुखणं नव्हतंच. देवीचं होतं, आणि देवीचं डॉक्टरांनी विचारलेलं नव्हतं. तिचं मौन खरं होतं. माझं नव्हतं.

ऑपरेशन झालं. केबलवरचा दाब निघाला. पुढची हानी थांबली, पण झालेली सगळी भरून आली नाही. गयाबाई काठी घेऊन चालू लागल्या. बोटं मात्र परत आली नाहीत. ट्रॅक्शनमुळेच असं झालं का, हे खात्रीनं सांगता येणार नाही. वेळ गेल्यामुळे झालं, हे सांगता येतं.

पुढे त्या व्यायामासाठी माझ्याकडेच यायला लागल्या. मी त्यांच्या बोटांत रबरी चेंडू द्यायचो, तो पडायचा, मी उचलायचो. एक दिवस चेंडू घरंगळत पडद्याखाली गेला. त्यांनी तिकडे बराच वेळ पाहिलं.

“डाक्तर, तुमी शिकलेले. खरं सांगा. मी घुमायचं सोडलं म्हनून कोपली का वो ती?”

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. ट्रॅक्शनच्या खुर्चीवर त्या दिवशी कुणी बसलेलं नव्हतं.

“असेल,” मी म्हणालो.

मी, आमच्या घरातला, असेल म्हणालो.

त्यांनी मान हलवली, जेवढी हलत होती तेवढी. त्यानंतर त्यांनी मला कधी काही विचारलं नाही. मंगळवार-शुक्रवारचं बसणं गावानं दुसऱ्या बाईकडे दिलं. दर नवरात्रात गयाबाई देवळाकडे तोंड करून देवीची माफी मागतात, असं सुमन म्हणाली.

आता माझीही मान गेली आहे. वर्षानुवर्षं पेशंटवर वाकून काम केल्याचा परिणाम. फिरवली की आतून वाळू दळल्यासारखा आवाज येतो, तो मला एकट्यालाच ऐकू येतो. मी पातळ उशी घेतो, मिठाची पुरचुंडी करतो, कपाळाला तळहात लावून ढकलतो. सवतीला उशी देत नाही. एवढ्यावर बरं चालतं. ज्यांची मान अशी आहे त्यांनाही हेच सांगेन. आणखी एक सांगेन. हात सुन्न पडायला लागले, चाल अडखळायला लागली, पाठीतून काही उतरायला लागलं, तर तुम्हाला जो शब्द येईल त्या शब्दात डॉक्टरला सांगा. त्यानं ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा.

रोज सकाळी कॉटच्या कडेला बसून मी हनुवटी छातीला टेकवतो आणि थांबतो. मग चवडा कॉटच्या दांडीवर दाबून बघतो. बायको विचारते, काय करता हे. मी म्हणतो, व्यायाम. अजून काही उतरलेलं नाही. पण दांडीवर पाय टेकवला की तो हलायच्या आत तो प्रश्न ऐकू येतो, मिटलेल्या दातांतून. कोन हलवतंय.

पेशंटचा शब्द कुठल्या देवाचा आहे हे आपण बघायचं नसतं. तो कुठून निघतो आणि कुठवर जातो, एवढंच विचारायचं असतं. धंद्याबद्दल मला एवढंच कळलं.

गयाबाई अजून आहेत. बसने फार तर दीड तासाचं अंतर आहे. मी अजून गेलेलो नाही. मी त्यांना एक उत्तर देणं लागतो. ती कोपली नव्हती, मावशी. तुम्ही मला सांगितलं होतं, आणि मला कळलं होतं.