निळ्या दोऱ्याचं बटण

शिलाईकाकूंचं एक ठाम मत होतं. जमवणं वेगळं आणि साठवणं वेगळं. त्या स्वतः जमवायच्या; बाकीचं सगळं जग साठवायचं.

घराच्या पुढच्याच खोलीत त्यांचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. नवं काही त्या शिवत नसत. लांबी कमी कर, कंबर सैल कर, चेन बदल, काज-बटण कर, असली कामं. खिडकीशी पायमशीन, मशीनच्या डाव्या अंगाला कातरणांची पिशवी, आणि उजव्या अंगाला, जिथे दुसऱ्या कुणी गिऱ्हाइकासाठी खुर्ची ठेवली असती तिथे, आठ खणांचं कपाट. त्यात बटणं. एका प्रकारचं एकच, पांढऱ्या पुठ्ठ्यावर टाचलेलं, खाली आकडा. शिंपल्याची, शिंगाची, पितळी, लाकडी, कापडाने मढवलेली. एकूण चारशे सहा. गिऱ्हाईक बिचारं उभं राहायचं.

या बटणांचा एक नियम होता. वापरातल्या कपड्याचं बटण घ्यायचं नाही. गळून पडलेलं घ्यायचं, टाकून दिलेलं घ्यायचं, कुणी आपणहून दिलं तर घ्यायचं. हा नियम काकू ऐकणाऱ्याला सांगत आणि न ऐकणाऱ्यालाही सांगत. सकाळी देवाला हात जोडताना त्यालाही एकदोनदा सांगून झाला होता.

मागच्या खोलीत भाऊजी राहायचे. काकूंचे धाकटे दीर, शाळेत कारकून होते. बायको गेली, पुढच्या वर्षी नोकरी संपली, आणि ते थोरल्या भावाकडे राहायला आले ते एक बॅग आणि अकरा खोकी घेऊन. खोक्यांत काय असेल म्हणून काकूंनी उत्सुकतेने एक उघडलं, तर आत काड्यापेट्या. काड्यापेटीत काय, तर पेन्सिलीचं थोटूक. बोटाच्या पेराएवढं, पोरांनी लिहून लिहून बाकाखाली टाकलेलं. आणि प्रत्येकासोबत एक चिठ्ठी. ‘चावायची सवय. गणित चांगलं.’ ‘डावखुरा.’ ‘हिला मागच्या बाकावरून फळा दिसत नव्हता, पण सांगितलं नाही कुणाला.’

“भाऊजी, ह्यानं लिहिता येतं का हो काही?” काकूंनी विचारलं.

“नाही वहिनी. तुमच्या एका बटणानं शर्ट लागतो का?”

“माझं तसं नाही. माझा तो अभ्यास आहे.”

“बरं,” भाऊजी म्हणाले. भाऊजी मुळात कमी बोलायचे. बायको गेल्यापासून तर दिवसाकाठी जे काही बोलायचे ते ह्या असल्या वादातच. काकूंना ते ठाऊक होतं, म्हणून त्या रोज एक तरी काडी टाकायच्या. निदान त्या स्वतःला असं सांगायच्या. खरं म्हणजे थोटकांना नावं ठेवताना त्यांना फार बरं वाटायचं.

काका वर्तमानपत्राच्या आडून म्हणायचे, “मी काहीच जमवत नाही, म्हणून मला ह्या घरात बसायला जागा नाही.”

मग वाचनालयाने छंदांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. ज्याला मांडायचं असेल त्याला एक टेबल. भाऊजींनी कपाटातून आपला तपकिरी लोकरी कोट काढला आणि काकूंच्या मशीनवर आणून ठेवला. ते इतके वाळले होते की बाह्या बोटांपर्यंत यायच्या.

“बाह्या तेवढ्या आखूड करा, वहिनी. बाकी कशाला हात लावू नका.”

आता बाही आखूड करायची म्हणजे मनगटाजवळची बटणं काढून पुन्हा लावावी लागतात. काकूंनी पाती घेतली आणि डाव्या बाहीपाशी त्यांचा हात थांबला. तीन बटणांतली दोन साधी होती. तिसरं शिंगाचं, मधासारखं, मधून दुधाची एक रेघ गेल्यासारखं. असलं बटण त्यांच्या चारशे सहांत नव्हतं. आणि ते लावलं होतं चक्क निळ्या दोऱ्याने.

माणसाने चोरी करायची तर सरळ करावी. काकूंनी आधी स्वतःशी वकिली केली. हे बटण विजोड आहे. विजोड बटण बदलणं म्हणजे दुरुस्ती. दुरुस्ती तर आपलं कामच आहे. शिवाय विजोड झालं म्हणजे ते कोटाचं राहिलंच कुठे? म्हणजे एका अर्थी गळून पडल्यातच जमा. पातीने टाका कापला, निळा दोरा पिशवीत टाकला, डब्यातलं जोडीचं तपकिरी बटण तिथे लावलं आणि वर इस्त्री फिरवली. कोट असा झाला की भाऊजींनी बघून नुसती मान हलवली. बटण पुठ्ठ्यावर गेलं. आकडा चारशे सात.

प्रदर्शनाच्या दिवशी काकू सकाळी सगळ्यांच्या आधी पोचल्या. एका बाजूला भाऊजींचं टेबल, दुसऱ्या बाजूला दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक नर्सबाई, त्यांच्याकडे बसची तिकिटं. नर्सबाई आल्या, बटणांवरून नजर फिरवली, आणि म्हणाल्या, “छान हो. वेळ बरा जात असेल.”

काकूंना एकदम चमकल्यासारखं झालं. हे वाक्य त्यांचं होतं! कुणी काही दाखवलं की त्या वर्षानुवर्षं हेच म्हणायच्या, ह्याच सुरात. समोरच्याला ते कसं लागतं ते आज कळलं. मग त्या नर्सबाईंच्या टेबलाशी गेल्या, तिकिटं पाहिली आणि म्हणाल्या, “छान हो. वेळ बरा जात असेल.”

सबंध दालनात हेच चाललं होतं. जो तो आपल्या टेबलाशी उभा, आणि दुसऱ्याच्या टेबलाशी गेलाच तर एक डोळा आपल्या टेबलावर. कुलुपं जमवणाऱ्या एका गृहस्थांनी काकूंना बटणांविषयी एक प्रश्न विचारला आणि उत्तर सुरू व्हायच्या आत म्हणाले, “कुलपांचंही अगदी तसंच असतं बघा.”

गर्दी होती ती भाऊजींपाशी. लोक काड्यापेट्या उघडायचे, चिठ्ठी वाचायचे, हसायचे, थांबायचे. एक बाई म्हणाली, “आमचा दादा पण अशीच चावायचा.” भाऊजी बोलत होते. चांगले हात हलवून बोलत होते. काकूंना आनंद व्हायला हवा होता. झाला तो मत्सर, आणि तोही थोटकांचा.

दुपारी जरा सामसूम झाल्यावर त्या म्हणाल्या, “भाऊजी, इतक्या वर्षांत तुम्ही माझी बटणं एकदाही धड बघितली नाहीत. आज तरी बघा.”

भाऊजींनी चष्मा पुसला आणि खरोखरच बघायला सुरुवात केली. एकपासून. एकेक बटण, वाकून, खालच्या आकड्यासकट. “हे कसलं, वहिनी? शिंपल्याचं? मागून खरबरीत असतं का?” काकूंना तर भरून आलं. इतकं मन लावून कुणी पाहिलंच नव्हतं. त्या रंगात येऊन सांगत सुटल्या. शंभर झाली, दोनशे झाली. तीनशे चाळीसच्या आसपास कधीतरी त्यांच्या लक्षात आलं की ह्या ओळीच्या शेवटी काय आहे.

“पुरे हो भाऊजी. चला, चहा घेऊ.”

“घेऊ की. थोडीच राहिलीत.”

“उरलेली सगळी सारखीच आहेत.”

“वा! तुमच्या तोंडून हे ऐकायचं राहिलं होतं,” भाऊजी हसून म्हणाले आणि पुढे सरकले. तीनशे नव्वद. चारशे. काकू पुठ्ठ्यावर हात ठेवायला गेल्या, पण हात ठेवायचा तर काहीतरी कारण सांगावं लागलं असतं.

भाऊजी चारशे सातपाशी थांबले. मग त्यांनी डावा हात वर करून स्वतःची बाही पाहिली. पुन्हा पुठ्ठा पाहिला.

“हिनं लावलं होतं,” ते म्हणाले. “घाईत होतो मी. तपकिरी दोरा संपला होता. म्हणाली, निळा कुणाला दिसतोय!”

काकू घाईघाईने ते बटण पुठ्ठ्यावरून सोडवू लागल्या.

“बटण राहू द्या तुमच्याकडे. नीट राहील. दोरा कुठाय?”

“भाऊजी, तो...”

“टाकलात?”

त्यांनी कोट काढला, घडी करून हातावर घेतला, काड्यापेट्या खोक्यांत भरल्या आणि प्रदर्शन अर्ध्यावर सोडून घरी गेले. त्यांचं रिकामं टेबल उरलेला सगळा वेळ काकूंच्या शेजारी उभं होतं. चारशे सात बटणं होती, पण बघणारा गेला होता.

काकू घरी आल्या तेव्हा उन्हं कलली होती आणि मागच्या खोलीचं दार लावलेलं होतं. आता हे दार आपल्यासाठी पुन्हा उघडेल की नाही, ह्या एकाच विचाराने त्या देवापुढे जाऊन उभ्या राहिल्या. पण तिथे नियम आधीच सांगून ठेवलेला. बोलायला तोंडच नव्हतं. नुसते हात जोडले आणि पुढच्या खोलीत येऊन चादर अंथरली. कातरणांची पिशवी तिच्यावर पालथी केली.

तीन आठवड्यांचे दोरे होते. काळे, पांढरे, खाकी, आणि निळे तर विचारूच नका. त्याच दिवसांत कुणाकुणाच्या निळ्या पॅन्टी उसवून झाल्या होत्या. काकू मांडी घालून एकेक दोरा उजेडाला धरू लागल्या.

काका दारात येऊन उभे राहिले. “आता दोरे जमवायला लागलीस?”

“जमवत नाहीये. शोधतेय.”

“सुरुवातीला सगळे असंच म्हणतात.”

काकूंनी पुढचा दोरा उचलला. तेवढ्यात मागचं दार वाजलं. भाऊजी पाणी प्यायला आले होते. त्यांनी पेला भरला, प्यायले, चादरीकडे पाहिलं, आणि आत गेले. काकूंनी मान खाली घातली. आणखी दोनचार दोरे झाले असतील. भाऊजी चष्मा घालून परत आले आणि चादरीच्या पलीकडच्या कडेला बसले.

“जाड होता,” ते म्हणाले. “आणि ती गाठ दोनदा मारायची.”

“माझं चुकलं, भाऊजी. मी बटणच बघितलं फक्त.”

“हं,” भाऊजी म्हणाले. “तुम्ही प्रकार बघता.” आणि एक दोरा बाजूला ठेवला.

उजेड जाईपर्यंत निळे, जाड, दोन गाठींचे असे सात दोरे निघाले. त्यांतला कोणता, हे सांगणं भाऊजींनाही जमेना. ते सातही हातात घेऊन बसून राहिले.

“वहिनी, काड्यापेटी आहे का रिकामी?”

“भरलेली आहे.”

“मग काड्या काढा.”

काकूंनी काड्या ओट्यावर ओतल्या आणि पेटी आणून दिली. भाऊजींनी सातही दोरे आत ठेवले, चिठ्ठी लिहिली, आणि पेटी मिटण्याआधी काकूंपुढे धरली. ‘ह्यांतला एक.’

स्वयंपाकघरातून काकांचा आवाज आला, “आता ह्या काड्या कुणी जमवायच्या?”

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी ते बटण कोटाला लावलं, निळ्या दोऱ्याने, दोनदा गाठ मारून. पुठ्ठ्यावर चारशे सातच्या वर टाचल्याची चार भोकं तेवढी राहिली. गिऱ्हाइकांतलं कुणी कधी विचारतं, इथलं पडलं का हो?

“पडलं नाही,” काकू सांगतात. “ते वापरात आहे.”

आणि हल्ली त्यांनी कपाट थोडं सरकवून तिथे एक खुर्ची ठेवली आहे. लहानच आहे, पण बसता येतं.