आबांच्या काळजातले सहाशे मायक्रोव्होल्ट

डॉक्टर म्हणाले, "आबा ठणठणीत आहेत, कामं करू द्या." औषधाची एक गोळीही दिली नाही. साहजिकच माझ्या सासुरवाडीत डॉक्टरांवर कोणाचा विश्वास बसेना.

जळगावजवळच्या शेतात भरीत पार्टी होती. कपाशीच्या वाळक्या पळकाट्यांवर वांगी भाजायची आणि लाकडी बडगीत ती आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ठेचायची, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा मान. पण यंदा मेव्हणा आबांच्या ईसीजीचा कागद घेऊनच बांधावर उभा. सर्वात उंच रेघेपुढे छापलं होतं, ०.६ मिलिव्होल्ट.

"एक व्होल्टसुद्धा नाही! आबा, मुसळ ठेवा खाली."

आबांचा चेहरा उतरला. "मना काळीजमा करंटच नही का?"

धुळ्यात पंखे-मोटारींचं वाइंडिंग करणारा जावई हा अशा वेळी हृदयरोगतज्ज्ञच. काळजाची वीज मोजतातच मिलिव्होल्टमध्ये, एवढं सांगितलं असतं तर विषय मिटला असता. पण इतक्या साध्या वाक्याला टाळ्या कोण देणार? मी उभा राहिलो, घसा खाकरला.

"एका मिलिव्होल्टचे हजार मायक्रोव्होल्ट! आबांच्या काळजात सहाशे आहेत, सहाशे!"

टाळ्या पडल्या नाहीत. मेव्हणा पांढराफटक.

"सहाशे? दाजी, घरात तीनशे आले तरी मिक्सर जळतो, पंखा जळतो!"

मुद्दा बिनतोड होता. खानदेशात विजेच्या कमी दाबावर स्टॅबिलायझर असतो, जास्त दाबावर मात्र थेट माझं दुकान. आता तर बायकोनेही धावत येऊन आबांच्या हातातलं मुसळ काढून घेतलं. आबा आधी कमी म्हणून हरले, मग जास्त म्हणून, आणि काळीज बिचारं दोन्ही वेळा तेवढंच.

मी घाईघाईने उलटा भागाकार केला. "अहो, व्होल्टमध्ये म्हटलं तर शून्य पूर्णांक शून्य शून्य शून्य सहा!"

"म्हणजे पुन्हा कमीच ना?" मेव्हणा.

माझ्या विद्वत्तेचा हा तिसरा अंक चालू असतानाच आबा उठले. लेकीच्या हातून मुसळ घेतलं आणि बडगीपुढे बसले.

"तुमना हिशोब चालू राहू द्या. वांगा थंडा व्हई राहिनात."

पहिल्याच ठोक्याला हिरव्या मिरचीचा शिंतोडा माझ्या चष्म्यावर आला. मेव्हणा आबांची नाडी पाहायला वाकला. आबांनी मान वर न करता त्याच्या पुढे केलेल्या हातात कांद्याच्या पातीची जुडी ठेवली.

"चीर."