न सांगितलेली ओळ

टाकवे बुद्रुकची नुसरत कुणाचा अपमान विसरत नसे. तिची आई नजमा म्हणायची, "पोरी, लय डूख धरतीस तू." नुसरतला त्यात आपलं कौतुकच ऐकू यायचं.

लोणावळ्याच्या बंगलेवाल्यांच्या संघटनेला बुकिंगची वेबसाइट हवी होती. ती एकट्या नुसरतनं वर्षभर राबून उभी केली. आणि संघटनेच्या बैठकीत तिचा साहेब प्रदीप हसत काय म्हणाला? "साइट माझी. नुसरत नुसते रंग भरते." रडू वगैरे काही आलं नाही तिला. तळपायाची आग मस्तकात गेली.

साइट दाखवायच्या दिवशी सकाळी तर कहरच झाला. आपणही काही लिहिलंय म्हणता यावं म्हणून प्रदीपनं तिनं केलेला साइटचा वरचा मेनू बदलला. ज्या पानावर आपण असू त्याचं नाव पिवळं व्हावं, एवढंच त्या मेनूचं काम. नुसरतनं त्याचं लिखाण चाळलं आणि चूक लगेच दिसली. होमचा, म्हणजे पहिल्या पानाचा, पत्ता नुसती एक तिरपी रेघ, आणि बाकी प्रत्येक पानाचा पत्ता त्याच रेघेनं सुरू होतो. हा शहाणा उघडलेल्या पानाच्या पत्त्याची सुरुवात मेनूतल्या पत्त्याशी जुळते का, तेवढंच बघत होता; म्हणजे होम कायमच जुळणार. एक ओळ सांगितली असती तर भागलं असतं. ती गप्प बसली. त्या सकाळचा चहा तिला फार गोड लागला.

दुपारी पडद्यावर 'बंगले' उघडलं. 'बंगले' पिवळं आणि 'होम'ही पिवळं. 'संपर्क' उघडलं, तरी 'होम' पिवळंच.

संघटनेचे अध्यक्ष राजेंद्रभाऊ पुढं वाकले. "आवं, आमी नक्की कुटं हाय? दोनी पानांवर?"

सगळे हसले. प्रदीपनं इकडं तिकडं बोटं मारली, घाम पुसला. "नुसरत, जरा बघतेस?"

हे काम हातचं गेलं तर आपलीही नोकरी जाणार, हे तिला ठाऊक होतं. तरी ती जागची हलली नाही.

"बघते की, सर. आधी भाऊंना सांगा, ही साइट कुणी बनवली."

"आम्ही मिळून..."

नुसरतनं हाताची घडी घातली.

"नुसरतनं," तो पुटपुटला.

"भाऊंना ऐकू आलं नसेल, सर."

"नुसरतनं बनवली. सगळी."

मग ती उठली, त्याला खुर्चीवरून उठवलं, चुकलेली ओळ दुरुस्त केली आणि सगळ्यांदेखत त्याची चूक त्यालाच समजावली, अगदी सावकाश.

"कळलं, सर?"

त्यानं मान हलवली. नुसरतनं दुरुस्त केलेली ओळ खोडली आणि पुन्हा पहिल्यापासून समजवायला घेतलं.